मतदारयादीपासून ग्रामसभेपर्यंत: आपलं मत पाच वर्षं कसं जपायचं

आईने त्या दिवशी पहाटेच आंघोळ उरकली, ठेवणीतलं जरीकाठी पातळ नेसली आणि मला म्हणाली, "ऊन चढायच्या आत जाऊन येऊ." केंद्रावर रांग फार नव्हती. तिचा नंबर आला. आत बसलेल्या कर्मचाऱ्याने तिचं ओळखपत्र पाहिलं, यादीच्या पानावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवली, मग पुन्हा वरून सुरुवात केली. शेवटी म्हणाला, "मावशी, तुमचं नाव नाही यात." तिच्या हातात तिचा फोटो असलेलं कार्ड होतं. यादीत आमच्या घरातून माझं नाव होतं, भावाचं होतं, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचंही होतं. आईचं तेवढं उडालेलं. ती काही बोलली नाही. घरी आली, पातळ बदललं आणि भाकऱ्या थापायला बसली.

चूक कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी तरी त्याआधी कधी यादी उघडून पाहिली होती? मतदान हे एका दिवसाचं काम आहे असंच मी समजत होतो. गेली काही वर्षं मी गावात याद्या तपासतो, ग्रामसभेला बसतो, लोकांचे अर्ज भरून देतो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. शहरात राहणाऱ्यांना ग्रामसभेचा भाग थोडा वेगळा लागू पडेल, त्यांच्यासाठीही पुढे लिहिलं आहे.

"एका मताने काय होतं" हा प्रश्न पारावर रोज ऐकू येतो, म्हणून आधी तेवढं बोलून घेऊ. 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाचा निकाल 48 मतांनी लागला. लाखो मतदारांचा मतदारसंघ, आणि फरक एका चाळीतल्या माणसांएवढा. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये 162 आणि साकोलीत 208 मतांनी आमदार ठरला. 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरवावा लागला. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर दोन-चार मतांचे निकाल प्रत्येक निवडणुकीत लागतात. तुमच्या तालुक्यातली अशी उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

पहिली पायरी: कार्ड बाजूला ठेवा, यादी उघडा

खिशातलं ओळखपत्र म्हणजे मतदानाचा हक्क नव्हे. हक्क यादीतल्या नावाने मिळतो, कार्डाने फक्त ती व्यक्ती तुम्हीच आहात हे पटतं. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी काहीही चालतं. कार्ड असेल आणि नाव नसेल तर काहीही चालत नाही.

नाव तपासायला निवडणूक आयोगाचं मतदार पोर्टल आहे, आयोगाचंच मोबाइल ॲप आहे आणि 1950 हा फोन क्रमांक आहे. नाव सापडलं की तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक. केंद्रावर यांच्याच आधारे तुमची ओळ शोधतात. स्वतःचं नाव सापडलं म्हणून तिथे थांबू नका. घरातल्या प्रत्येकाचं पाहा, विशेषतः म्हातारी माणसं, नवी सून आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं. नावं गळतात ती बहुतेक यांचीच.

अर्जांचे क्रमांक लक्षात ठेवायला सोपे आहेत. पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल किंवा उडालेलं नाव परत घालायचं असेल तर नमुना 6. पत्ता बदलला, नावात किंवा वयात चूक आहे, फोटो चुकीचा आहे, नवं कार्ड हवं आहे, तर या सगळ्यांसाठी नमुना 8. मृत व्यक्तीचं किंवा कायमचं गाव सोडून गेलेल्याचं नाव काढायचं असेल तर नमुना 7. लग्न होऊन सासरी आलेल्या मुली पुष्कळदा पुन्हा नमुना 6 भरतात. मग नाव माहेरी आणि सासरी दोन्हीकडे राहतं किंवा अर्जच फेटाळला जातो. त्यांनी नमुना 8 भरायचा, म्हणजे माहेरच्या यादीतलं नाव सासरच्या यादीत येतं. परदेशात असलेल्या, पण भारतीय नागरिकत्व टिकवलेल्या माणसांसाठी नमुना 6अ आहे. त्यांना पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं, मत मात्र इथे येऊन द्यावं लागतं.

अठरा वर्षं मोजायच्या तारखा आता वर्षात चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. पूर्वी फक्त 1 जानेवारी धरत, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. बारावीच्या वर्गात शिकवणाऱ्या कुणी शिक्षकाने हे वाचलं तर एक तास यासाठी द्यावा, ही माझी विनंती. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 61 व्या घटनादुरुस्तीने, 1989 मध्ये. इतक्या वर्षांनंतरही कित्येक मुलांची पहिली निवडणूक केवळ अर्ज न भरल्यामुळे हुकते.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण माझा अनुभव असा की अर्ज भरल्यावर बीएलओला भेटलेलं बरं. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. गावात ती बहुतेक अंगणवाडी सेविका असते नाहीतर शाळेतले गुरुजी. घरभेटीला आल्यावर कुलूप दिसलं तर अर्ज लटकतो. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी स्थिती पाहा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घेता येत नाही, आणि चौकशीला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात त्याच्या आठ-दहा दिवस आधीच दार बंद झाल्यासारखं असतं.

आजोबांचं नाव मी नमुना 7 भरून काढलं. मेलेल्या माणसाचं नाव कागदावरून खोडायला हात जड होतो, हे खरं. पण ते नाव राहिलं तर त्यावर दुसरा कुणी मत टाकू शकतो, शिवाय यादी फुगलेली राहते. फुगलेल्या यादीचा तोटा कुठे होतो, ते पुढे दारूबंदीसाठीच्या बाटलीच्या मतदानात दिसेल.

दुसरी पायरी: कोणती निवडणूक, कोणता आयोग

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हे दोन वेगळे आयोग आहेत. राज्य आयोग स्वतःची मतदारयादी बनवत नाही. तो विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी उचलतो आणि तिचे प्रभाग, पंचायत समितीचे गण, जिल्हा परिषदेचे गट पाडतो.

ही ठरलेली तारीख फार महत्त्वाची. जानेवारी 2026 मध्ये महापालिकांची निवडणूक झाली तेव्हा 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये नाव नोंदवलेल्या माणसाला पाच महिन्यांनंतरही मत देता आलं नाही. तेव्हा निवडणुकीची चाहूल लागायच्या आधीच यादीचं काम उरकून ठेवा.

राज्य आयोग प्रभागनिहाय प्रारूप यादी लावतो आणि हरकती मागवतो. या टप्प्यावर नवं नाव घालता येत नाही, पण विधानसभेच्या यादीत असलेलं नाव गळालं असेल किंवा तुमची गल्ली शेजारच्या प्रभागात टाकली असेल, तर हरकत घेता येते. एकेका इमारतीची माणसं दुसऱ्या प्रभागात गेलेली मी पाहिली आहेत. हरकतीचे दिवस थोडे असतात, बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. म्हणून नगरपरिषदेच्या किंवा तहसीलच्या फलकाकडे जाता-येता नजर टाकायची सवय लावा.

या निवडणुका वेळेवर होणं हाही आपलाच प्रश्न आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढचं मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाने चालवली. आपल्या वॉर्डातलं गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हे त्या काळात लोकांना कळत नव्हतं. राज्यातल्या कितीतरी शहरांची आणि जिल्हा परिषदांची गत हीच झाली. मत द्यायला मिळत नाही तेव्हा मताची किंमत कळते.

तिसरी पायरी: उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा

भाषणं सगळेच ऐकतात, प्रतिज्ञापत्र फार थोडे वाचतात. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 मध्ये शपथेवर माहिती द्यावी लागते आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. स्थानिक निवडणुकांतही उमेदवाराला असं घोषणापत्र द्यावं लागतं. मी पुढच्या क्रमाने वाचतो.

आधी गुन्हे. कोणतं कलम, खटला कुठवर आलेला. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजू नका. मग मालमत्ता. तोच उमेदवार मागच्या वेळी उभा असेल तर जुनं प्रतिज्ञापत्र उघडून दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांत जमीन किती वाढली आणि त्याच कागदावर लिहिलेलं पाच वर्षांचं उत्पन्न किती, हा हिशेब जुळतो का ते पाहा. त्यानंतर सरकारी देणी. शेवटी स्वतःचा आणि जोडीदाराचा व्यवसाय. ज्याचा व्यवसाय सरकारी ठेक्यांवर चालतो, त्याला गावातल्या रस्त्याच्या दर्जाबद्दल दोन प्रश्न जास्त विचारावेत.

उमेदवार दारात येतो तेव्हा त्याला चहा जरूर द्या, आणि एक प्रश्नही विचारा. "विकास करणार का?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल. "आमच्या वस्तीचा अंगणवाडीचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर अडला आहे?" असं विचारा. ज्याला ठाऊक आहे तो सांगेल, ज्याला नाही तो निदान विचारून घेईल. त्याचं उत्तर तारखेसह वहीत टिपून ठेवा.

पैसे, साडी, जेवणावळी यांबद्दल लिहायला मला संकोच वाटत नाही. आमच्याकडेही वाटप होतं. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला "घेऊ नका" म्हणून उपदेश करणं मला जमत नाही, पण एवढं नक्की सांगतो: आत कुणी पाहत नाही. शपथ घ्यायला लावली, भंडारा उचलायला लावला, तरी मत गुप्तच राहतं. आणि ज्याच्या अंगात हिंमत आहे त्याने सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकावा. आपलं नाव न देता तक्रार करता येते, आणि शंभर मिनिटांत कारवाई कळवायची अशी ती व्यवस्था आहे. हे ॲप लोकसभा-विधानसभेसाठी आहे.

चौथी पायरी: मतदानाचा दिवस

सुट्टीबद्दल आधी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते, खाजगी कंपनीतल्या आणि रोजंदारीवरच्या माणसालाही. मालकाला हे कलम नावानिशी सांगितलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. वय 85 च्या वर असेल किंवा 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर नमुना 12ड भरून घरूनच मत देता येतं. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत हा अर्ज द्यायचा असतो, तेव्हा घरात असं कुणी असेल तर आधीच बीएलओच्या कानावर घाला.

केंद्र किती वाजता बंद होतं ते आदल्या दिवशीच पाहून ठेवा. विधानसभेला साधारण सकाळी 7 ते संध्याकाळी 6 असतं, पण गडचिरोलीच्या दुर्गम भागात दुपारी 3 वाजताच संपतं. बंद व्हायच्या वेळी तुम्ही रांगेत असाल तर चिठ्ठी मिळते आणि कितीही उशीर झाला तरी मत देता येतं. "वेळ संपली, घरी जा" असं कुणी म्हटलं तर हलू नका.

आत गेल्यावर तीन टेबलं. पहिल्यावर नाव पुकारतात, दुसऱ्यावर शाई आणि सही, तिसऱ्यावर मशीन सुरू करतात. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते. घाई न करता नाव आणि चिन्ह वाचा. चिठ्ठी वेगळीच दिसली तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा. नियम 49एमए प्रमाणे लेखी घोषणा देऊन चाचणी मत देता येतं, पण तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, म्हणून खात्री असेल तरच बोला.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ते मशीनवर नसतं, कागदी मतपत्रिकेवर देऊन पाकिटात बंद करतात. एरवीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तो पुरावा असतो. कितीतरी केंद्रांवर लोक वाद घालून निघून जातात, कारण असं काही मागता येतं हेच त्यांना ठाऊक नसतं.

स्थानिक निवडणुकीत मशीनसमोर लोक गोंधळतात, ते जरा नीट सांगतो. ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात दोन-तीन जागा असतात, वर सरपंचपदाचं मत वेगळं. मुंबई सोडून इतर महापालिकांत एका प्रभागात तीन-चार जागा असतात. म्हणजे तुमच्याकडे एक मत नसून जागा असतील तेवढी मतं असतात. मशीनवर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते आणि प्रत्येक जागेखाली 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटाचं बटण असतं. एकेका जागेसाठी एकेक बटण दाबायचं. सगळी दाबून झाली की मगच लांब आवाज येतो. तो आवाज येण्याआधी बाहेर पडायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना हे मी आदल्या संध्याकाळी ओट्यावर कागदाचे चार रंगीत तुकडे ठेवून समजावतो. तुकड्यांवर चिन्हं काढत नाही. काढली तर माझाच प्रचार होईल.

नोटाबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर ते बटण आलं. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27,500 मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होतं. पण विधानसभा-लोकसभेत नोटा पहिलं आलं तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणून नोटा दाबताना आपण कोणत्या निवडणुकीत आहोत ते ध्यानात ठेवा.

आमच्या भागातली एक सल इथे मांडतो. ऊसतोडीला जाणारी माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला झाली. टोळ्या फडावर, नावं गावाच्या यादीत. फडावरून मत देण्याची सोय नाही. त्यांची 26 जानेवारीची ग्रामसभाही दर वर्षी अशीच हुकते. मुकादमाशी आणि कारखान्याशी आधी बोलून मतदानाच्या दिवसासाठी वाहनाची सोय मागणं, एवढाच उपाय सध्या हातात आहे. जिथे टोळीतले सगळे मिळून मागतात तिथे तो कधीकधी साधतो.

पाचवी पायरी: शाई पुसल्यानंतर

माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि सर्वांत ओसाडही हीच. मतदानाला ऐंशी टक्के गाव लोटतं, ग्रामसभेला तीस माणसं नसतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. त्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा लोकांच्या ओळखीच्या आहेत. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, दवंडी द्यावी लागते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. सदस्य कोण? गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण. म्हणजे यादीतून आईचं नाव उडालं तेव्हा तिचं नुसतं मत गेलं नव्हतं, ग्रामसभेत हात वर करण्याचा हक्कही गेला होता. हे मला फार उशिरा उमगलं.

गणपूर्ती म्हणजे कोरम: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पाचशे मतदारांच्या गावाला 75 माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. यातली मेख ध्यानात घ्या. पहिल्या सभेला लोक फिरकले नाहीत की दुसरी सभा आठ-दहा माणसांत उरकते आणि त्यात झालेले ठराव पूर्ण गावाचे म्हणून लिहिले जातात.

सभेला जाण्याआधी विषयपत्रिका पाहा. तुमचा विषय नसेल तर चार-पाच दिवस आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च वर्षावार दिसतो, तो मोबाइलवर काढून ठेवा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. तेव्हा गावात पाण्याची बोंब असेल तर ती रक्कम कुठे गेली, हा सरळ प्रश्न आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्याचाही आकडा मागा. प्रश्न एकट्याने विचारू नका, चौघे मिळून ठरवा. एकट्या माणसाला "हा नेहमीचाच" म्हणून गप्प बसवतात, चौघांना बसवता येत नाही.

आईचं नाव नमुना 6 भरून पुन्हा यादीत आलं, त्यानंतरच्या ग्रामसभेला ती माझ्यासोबत आली होती. मंदिराच्या सभामंडपात सतरंज्या टाकलेल्या. हजेरीचं रजिस्टर फिरत आलं, तिने सावकाश अक्षर लावून सही केली. विषय वाचून झाले, टाळ्या झाल्या, माणसं उठायला लागली. ती बसूनच ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊसाहेब, आज काय काय ठरलं ते वहीत लिवलंय का? लिवलं असंल तर वाचून दावा." एकदम शांतता झाली. वहीत तोवर फक्त तारीख आणि 'सभा खेळीमेळीत संपन्न' एवढंच होतं. माणसं परत बसली. त्या दिवशी तीन ठराव तिथल्या तिथे लिहिले गेले, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह. त्यातला एक वरच्या वस्तीच्या पाइपलाइनचा होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो: सभा संपताना ठराव वाचून दाखवायला लावा. बोललेलं वाऱ्यावर जातं. इतिवृत्तात आलेलं पंचायत समितीपर्यंत पोहोचतं, कोर्टात उभं राहतं. कोऱ्या जागेखाली सही करू नका.

गावाने हे मनावर घेतलं तर काय होतं ते पाहायचं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात, मग त्याला कितीही बैठका लागोत. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे आपला बांबू आपणच विकायला त्यांनी सुरुवात केली. गोंड आदिवासींचं हे छोटंसं गाव. वर्षानुवर्षं बैठका आणि अभ्यास केला म्हणून कायदा त्यांच्या कामाला आला.

आता बाटलीचं मतदान. गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान घेता येतं. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनिशी मागणी करावी लागते. मग प्रशासन सह्यांची पडताळणी करून मतदान घेतं. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई, परगावी गेलेली लेक आणि चार वर्षांपूर्वी वारलेली आजी, यादीत नाव असेल तर तिघींचंही वजन उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. प्रत्यक्ष मतदानात आडव्या बाटलीला भरघोस मतं पडूनही दुकान तसंच राहिलं, असं या अटीमुळेच घडतं. म्हणून या लढाईत उतरणाऱ्या बायकांना मी सांगतो, सह्या गोळा करण्याआधी यादी घेऊन घरोघर फिरा, नमुना 7 आणि 8 भरून घ्या, आणि मगच अर्ज द्या.

शहरातल्या वाचकांसाठी: तुम्हाला ग्रामसभेसारखी हक्काची जागा नाही. महाराष्ट्रात क्षेत्रसभांचा कायदा 2009 मध्ये झाला, पण त्या भरताना दिसत नाहीत. आपल्या नगरसेवकाकडे लेखी मागणी करत राहणं एवढं करता येतं. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवण्याची पद्धत 2006 पासून आहे. पदपथ, दिवे, बसथांबा अशी कामं अर्ज भरून सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर अंदाजपत्रकाच्या आधी सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग कार्यालयाला पत्र द्या. मार्चनंतर दिलेलं पत्र वर्षभर फायलीत पडून राहतं.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. साधा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तो 150 शब्दांत. तीस दिवसांत माहिती यायला हवी. नाही आली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर मिळतं. कागद मागा: अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयकाची प्रत. मोजमाप पुस्तिका आली की टेप घेऊन रस्त्यावर जा आणि मोजा. त्याखेरीज दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात.

सहावी पायरी: स्वतः उभं राहा, नाहीतर उभं राहणाऱ्याच्या पाठीशी राहा

ग्रामपंचायतीला उभं राहायला वय 21 पुरे. विधानसभेला 25. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. थेट सरपंचपदासाठी 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेला माणूस अपात्र ठरतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी वर्षभर आधी सुरू करा. जिंकल्यावर पद जातं ते बहुतेक याच कागदापायी. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्या, हरला असलात तरीही.

उमेदवारी अर्ज छाननीत बाद होतात ते बारीकसारीक चुकांनी. यादीत नाव 'सुनिता' आणि अर्जात 'सुनीता', एक सही राहिलेली, थकबाकी नसल्याचा दाखला नाही, असंच काहीतरी. म्हणून अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. दोन दिवस हातात ठेवा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

मागच्या ग्रामपंचायतीला वरच्या वस्तीवरच्या एका बाईंचा अर्ज भरायला आमच्या ओट्यावर आठ जणी जमल्या होत्या. सूचक म्हणून कोण सही करणार, यावर बराच वेळ कुणी बोलेना, कारण समोर वजनदार घर होतं. आईने चष्मा मागितला. अर्जात सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. ते दोन्ही आकडे तिने न पाहता सांगितले.